मामाच्या लग्नावर टेप केलेलं 'बूगी वूगी': जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची कशी

आमच्याकडे एक व्हिडिओ कॅसेट आहे. तिच्या पाठीवर निळ्या शाईत 'शुभविवाह, भाग २' असं लिहिलेलं. त्यावर काट मारून खाली लाल स्केचपेनने 'बूगी वूगी. हात लावू नये.' वरचं अक्षर फोटो स्टुडिओवाल्याचं, खालचं माझं. इयत्ता नववी.

धाकट्या मामाचं लग्न १९९५ च्या मे महिन्यातलं. मामा मस्कतला होता, तिकडूनच येताना त्याने व्हीसीआर, म्हणजे कॅसेट लावायचं आणि टीव्हीवरून टेप करायचं मशीन, आणला आणि परत जाताना तो आमच्या चिपळूणच्या घरी ठेवून गेला. वर्षभराने, १९९६ मध्ये, सोनीवर 'बूगी वूगी' हा नाचाच्या स्पर्धेचा कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मायकल जॅक्सन मुंबईत अंधेरीला नाचून गेला आणि आमच्या आळीतली झाडून सगळी पोरं शहाबादी फरशीवर मोजे घालून मागे सरकायला लागली. अशा वातावरणात कोरी कॅसेट मागायला बाबांकडे जायचं म्हणजे आधी सहामाहीचे मार्क दाखवायला लागणार. लग्नाची कॅसेट मात्र कपाटात नुसती पडून होती. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

ती कॅसेट मी गेल्या वर्षी घरच्या घरी कॉम्प्युटरवर उतरवली. तुमच्याकडेही कुठल्या तरी पोटमाळ्यावर अशी एखादी असणार. स्वतःच्या नाचाची असेल, टीव्हीवरून टेप केलेली असेल, नाहीतर दोन्ही. म्हणून काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, ते लिहून ठेवते.

पहिलं काम, मशीनला हात लावायच्या आधी. कॅसेटच्या पाठीच्या एका टोकाला प्लास्टिकची छोटी चीप असते. ती शाबूत असेल तर आत्ता, हे वाचता वाचता, स्क्रूड्रायव्हरने मोडा. चीप मोडलेल्या कॅसेटवर व्हीसीआर रेकॉर्डिंग करत नाही, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी भीती नाही. स्टुडिओवाल्याने लग्नाच्या कॅसेटची चीप शहाण्यासारखी मोडून दिली होती. मी त्या खाचेवर सेलोटेप लावली. एवढ्यावर मशीन फसतं. तुमच्या कॅसेटवर अशी सेलोटेप असेल तर ती आधी काढा आणि ती कोणी लावली याचा तपास नंतर करा.

बुरशी

कोकणातल्या माणसाला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात आलं. खालचं सगळं गेलं. कॅसेट पोटमाळ्यावर होत्या म्हणून बुडाल्या नाहीत, पण त्यानंतर घर कितीतरी महिने ओलं होतं आणि ती ओल त्यांनी पुरेपूर शोषली.

कॅसेटच्या खिडकीतून आत बघा, टॉर्च तिरका धरून. रीळ एकसारखं काळं चकचकीत दिसलं पाहिजे. कडेवर पांढरी भुकटी, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा पांढरट कडी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट 'एकदा लावून तर बघू' म्हणून मशीनमध्ये सरकवू नका. बुरशी मशीनच्या हेडला, म्हणजे रीळ वाचणाऱ्या भागाला लागते, हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते, आणि रीळ एकमेकाला चिकटलेलं असेल तर ते फाटतं.

आधी वाळवायची. उन्हात नाही. ऊन आणि हेअर ड्रायर या दोन्हींनी रीळ आक्रसतं. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून मी तीन आठवडे ठेवली, पुड्या मधे दोनदा बदलल्या. वाळली की बुरशी मरत नाही पण निपचित पडते, आणि कोरडी भुकटी झटकता येते. हे काम गच्चीवर किंवा अंगणात, मास्क लावून करा. स्वयंपाकघरात करू नका, मी केलं आणि बोलणी खाल्ली.

कॅसेट उलटी केली की खाली पाच स्क्रू दिसतात. ते काढून, कॅसेट परत सुलटी करून, वरचं झाकण अलगद उचलायचं. अलगद, कारण आत एक-दोन बारीक स्प्रिंग असतात आणि त्या उडाल्या की सोफ्याखालीच जातात. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दोन्ही चाकं जशीच्या तशी उचलून, रीळ न उलगडता, कडेवरून मऊ कोरड्या ब्रशने भुकटी झाडायची. मेकअपचा नवा ब्रश चालतो. रिळाच्या पट्टीला बोट लावू नका, पाणी तर नाहीच. मग दोन्ही चाकं दुसऱ्या एखाद्या फालतू पण स्वच्छ कॅसेटच्या सांगाड्यात बसवा. आमच्याकडे भजनाची एक जुनी कॅसेट होती, तिचा सांगाडा कामी आला.

रीळ कुठे तुटलं असेल तर सेलोटेप लावून जोडायचं नाही. तिचा गोंद पाझरतो आणि थेट हेडवर जातो. रीळ जोडायची वेगळी पट्टी मिळते, ती मागच्या बाजूने, म्हणजे हेडला घासते ती बाजू सोडून लावायची. तेवढे एक-दोन सेकंद जातात. जाऊ द्या.

मशीन

मामाचा व्हीसीआर मेला होता. आतले रबरी पट्टे विरघळून काळं डांबर झालेलं. नवा मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत शेवटचे व्हीसीआर बनवले आणि जगातलंच हे दुकान बंद झालं. तेव्हा जुनाच शोधायचा: नातेवाइकांच्या माळ्यावर, पुण्यात जुन्या बाजारात, मुंबईत चोरबाजारात. मला पुण्यात १८०० रुपयांना मिळाला. नुसता प्लेअर मिळाला तरी चालेल, उलट बरंच, त्यात रेकॉर्ड बटणच नसतं.

विकत घेताना एक फालतू कॅसेट बरोबर न्या. तिथेच लावा, पुढे पळवा, मागे पळवा, बाहेर काढा. बाहेर काढताना रीळ आत अडकून लोंबत आलं तर मशीन तिथेच ठेवून पुढच्या गाळ्यावर जा. मागे चित्राच्या वायरीचं पिवळं भोक आहे ना, तेही बघा. काही अगदी जुन्या प्लेअरना फक्त अँटेनाची वायर असते, ते आपल्या कामाचे नाहीत.

घरी आणल्यावर हेड साफ करायचं. झाकण उघडलं की मधोमध तिरका बसवलेला चकचकीत डबा दिसतो, तो ड्रम. तो मिनिटाला १५०० फेरे घेतो आणि हेड त्याच्या कडेला असतं, नखाच्या टोकाएवढं. साध्या पांढऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला आडवी टेकवायची आणि दुसऱ्या हाताने ड्रम सावकाश फिरवायचा. कागद वर-खाली घासायचा नाही, हेड मोडतं. कानातली कापसाची काडीही नको, तिचे धागे अडकतात. अर्थात हे सगळं मशीनची वायर भिंतीतून काढून.

मग तुमची खरी कॅसेट. ती वीस-पंचवीस वर्षं एकाच जागी बसलेली असते, म्हणून लगेच प्ले करू नका. एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे पळवा, रिळाचा ताण सारखा होतो. मधे आवाज बदलला, कुंथल्यासारखा झाला, तर थांबवा.

जोडणी

व्हीसीआरच्या पिवळ्या भोकातून चित्र, पांढऱ्यातून आवाज. बरेच व्हीसीआर मोनो असतात, त्यामुळे लाल भोक नसेल तर घाबरू नका. या वायरी यूएसबीच्या छोट्या कॅप्चर डबीत (ती चित्र आणि आवाज लॅपटॉपला समजतील असे करते), डबी लॅपटॉपला. ओबीएस नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मी तेच वापरलं.

आपलं टीव्हीचं चित्र 'पाल' पद्धतीचं: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. ओबीएसमध्ये डबीच्या सेटिंगमध्ये 'पाल बी' निवडायचं आणि आकार ७२० बाय ५७६. हे नाही केलं तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर वर सरकत राहतं आणि आपण उगाच कॅसेटला दोष देतो. कॅनव्हास, म्हणजे ओबीएसमधली चित्राची चौकट, ७६८ बाय ५७६ ठेवा, चित्र त्यात ताणून बसवा. मग माणसं माणसांएवढी दिसतात.

हे मी का सांगते, तर मी आधी ही कॅसेट एका दुकानात दिली होती. त्यांनी पेन ड्राइव्हवर जे दिलं त्यात चित्र आजच्या टीव्हीच्या मापाला खेचलेलं. कार्यक्रम चालवणाऱ्या तिघांतला जावेद जाफरी आडवा झालेला, रवी बहल त्याच्याहून आडवा. सुरुवातीला गुलाबाच्या पाकळ्या पडतात आणि 'गोड आठवणी' अशी अक्षरं येतात. जाहिराती आणि चित्र नसताना पडद्यावर दिसणाऱ्या मुंग्या 'कचरा होता म्हणून काढला'. आणि नाच असा दिसत होता, जणू सगळे गुडघाभर पाण्यात नाचतायत.

शेवटच्या तक्रारीचं कारण मला नंतर कळलं, आणि नाचाच्या कॅसेटसाठी ही सगळ्यात मोठी गोम आहे. त्या काळच्या टीव्हीवर एक चित्र एकदम येत नसे. आधी एकाआड एक रेषा, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला २५ चित्रं, पण अर्धी अर्धी करून ५०, आणि प्रत्येक अर्ध्या चित्रात पाय थोडा पुढे गेलेला असतो. दुकानवाले दोन अर्धी एकत्र चेपतात आणि सेकंदाला २५ चित्रांवर आणून सोडतात. बातम्या वाचणाऱ्या बाईला त्याने काही फरक पडत नाही. नाचणाऱ्याचे पाय मात्र जातात.

म्हणून ओबीएसमध्ये डबीच्या नावावर राइट क्लिक करून 'डीइंटरलेसिंग' मध्ये 'याडिफ २एक्स' निवडा, आणि व्हिडिओच्या सेटिंगमध्ये सेकंदाला ५० चित्रं ठेवा. पाय पुढे-मागे थरथरायला लागले तर 'टॉप फील्ड' आणि 'बॉटम फील्ड' यांची अदलाबदल करून बघा. मी हे केलं आणि निळ्या टोपीच्या मुलीची टाच पहिल्यांदा नीट दिसली.

ती निळ्या टोपीची मुलगी म्हणजे आमच्या कॅसेटची हिरॉइन. नाव आता कोणालाच आठवत नाही. आमच्याच वयाची असेल. ती एका पायावर गिरकी घेऊन टोपी मागच्या मागे फेकायची आणि त्याच तालात गुडघ्यावर यायची. तिघांतला तिसरा, नावेद, माइक घेऊन तिच्याशी बोलतो, जावेद काहीतरी कोटी करतो, आणि शेवटी ती तिघं पोरांमध्ये मिसळून नाचतात. परीक्षक म्हणून कोणी कपाळाला आठ्या घालून बसलेलं नाही, की स्पर्धकाच्या घरची गरिबी दाखवून व्हायोलिन वाजवलेलं नाही. मुलगी आली, नाचली, टाळ्या पडल्या, घरी गेली. मला अजूनही तोच कार्यक्रम बरा वाटतो, आणि हे मी म्हातारी झाले म्हणून नाही.

ती गिरकी शिकायला ताई आणि मी कॅसेट मागे घ्यायचो, पॉज करायचो, पाय बघायचो, पुन्हा मागे. पॉज केल्यावर रीळ थांबतं पण ड्रम फिरतच राहतो. मिनिटाला १५०० फेरे, एकाच जागेवर घासत. म्हणूनच व्हीसीआर पाचेक मिनिटांनी आपोआप पॉज सोडायचा, आणि आम्ही चिडून पुन्हा दाबायचो. त्याचा हिशेब आता दिसतो. अख्ख्या कॅसेटमध्ये सगळ्यात जास्त पांढऱ्या चिरा कुठे असतील तर त्या गिरकीवर. बाकीचे नाच कोरे करकरीत, कारण ते आम्हाला आवडले नव्हते. तुमच्याही कॅसेटवर अशी एखादी जागा सापडेल. तिथे व्हीसीआरवरचं ट्रॅकिंगचं, म्हणजे हेड रिळावर नीट जुळवायचं चाक किंवा बटण हळूहळू फिरवून बघा, थोडं सुधारतं, पूर्ण नाही. मी ती जागा तीन वेळा तीन ट्रॅकिंगवर उतरवून ठेवली. चित्राच्या अगदी तळाशी मात्र एक वळवळणारी पट्टी कायम दिसेल. ती व्हीएचएसची, म्हणजे या प्रकारच्या कॅसेटची जातच आहे, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायची. तिच्यामागे लागू नका.

(गणपतीत आळीच्या मांडवात आम्ही तो नाच केला. टोपी फेकली ती थेट आरतीच्या तबकात. पुढचं सांगत नाही.)

बारीकसारीक गोष्टी. लॅपटॉपचा चार्जर लावलेला असताना आवाजात घुंss असं येत असेल तर चार्जर काढून बघा, माझं तेवढ्यानेच गेलं. पण मग बॅटरी पूर्ण भरलेली हवी आणि लॅपटॉपने मधेच झोपायचं नाही, ते सेटिंग बंद करा. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवायची तो आकडा, मी ओबीएसमध्ये १०,००० ठेवला, तासाला साधारण साडेचार जीबी होतात, म्हणजे १८० मिनिटांच्या कॅसेटला तेरा-साडेतेरा. कॅसेट पळवून उतरवता येत नाही. तीन तासांची असेल तर तीनच तास लागतात. चहा घ्या.

आणि लॅपटॉपचा माइक बंद करा. आवाज फक्त डबीतून घ्यायचा. मी विसरले. माझ्या पहिल्या फायलीत नावेद बोलतोय आणि मागून कुकरच्या चार शिट्ट्या आणि 'अगं, दूधवाला हाका मारतोय' असं ऐकू येतं. सगळं पुन्हा केलं.

काही कापू नका

उतरवताना कॅसेट पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत चालू द्या. मुंग्या आल्या तरी. 'आता काही नाही' असं वाटलं तरी. मधेच निळा पडदा येऊन रेकॉर्डिंग तुटत असेल तर व्हीसीआरच्या मेनूत निळा पडदा बंद करायची सोय असते का बघा, मुंग्या परवडल्या.

एक तर जाहिराती. आम्ही रीळ वाचवायला जाहिरात आली की पॉज दाबायचो, पण बोट नेहमी उशिरा पोचायचं. त्यामुळे प्रत्येक ब्रेकला अर्ध्या सेकंदाचा कुठला तरी साबण आणि पाव सेकंदाची कुठली तरी स्कूटर. पूर्ण भाग कदाचित इंटरनेटवरही मिळतील. माझं चुकलेलं बोट मिळणार नाही.

दुसरं कारण सांगायला मला जरा यंत्रात शिरावं लागेल. रेकॉर्डिंग करताना रीळ आधी पुसणाऱ्या हेडवरून जातं आणि थोडं पुढे गेल्यावर लिहिणाऱ्या ड्रमवर. दोन्हींत काही इंच अंतर. म्हणून नवं रेकॉर्डिंग सुरू होतं तिथे पहिले काही सेकंद जुनं न पुसताच नवं लिहिलं जातं आणि चित्रावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे फिरतात. आमच्या कॅसेटवर 'बूगी वूगी' त्या पट्ट्यांतून उगवतं. त्यातला मामीच्या शालूचा रंग कुठला आणि स्टेजच्या दिव्यांचा कुठला, ते ओळखता येत नाही. आणि रेकॉर्डिंग संपतं तिथे उलटं होतं: पुसून झालेला पण लिहायचा राहिलेला तुकडा, म्हणजे मुंग्या. दुकानवाला या मुंग्यांपाशी थांबला. त्याला वाटलं, संपली.

मी चालू ठेवली. मुंग्या काही सेकंदच होत्या. मग चित्र एकदा उसळलं, आणि पंगत. मे महिना, मांडवाचं पिवळं कापड, मठ्ठ्याचा जग घेऊन वाकलेला माणूस, मामा मामीला जिलबीचा घास देतोय आणि कोणीतरी मागून ओरडतंय, 'नाव घे, नाव घे!' तेवीस मिनिटं लग्न शिल्लक होतं. जे पुसलं गेलं ते कायमचं गेलं, ते कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही, यात स्वतःची फसवणूक करून घेऊ नका. पण मी लग्न *संपूर्ण* पुसलं असं अठ्ठावीस वर्षं समजत होते, तेही खरं नव्हतं.

फाइल दोन ठिकाणी ठेवा: एक घरात, एक घराबाहेर. चिपळूणकरांना हे वेगळं सांगायला नको. माझी एक प्रत पुण्यात ताईकडे आहे. यूट्यूबवर चढवण्याच्या भानगडीत पडू नका, कार्यक्रम आणि गाणी ज्यांची आहेत ते हरकत घेतात, आणि लग्नातल्या लोकांनाही विचारलेलं नसतं.

दिवाळीत मामा-मामी आले तेव्हा मी कबुलीजबाबाची तयारी करूनच बसले होते. आधी पंगतीची तेवीस मिनिटं लावली. लॅपटॉपचा माइक या वेळी मुद्दाम चालू ठेवला. त्या फायलीत मामा म्हणतो, 'हा मठ्ठेवाला कोण गं?' आई म्हणते, 'आचाऱ्याचा भाऊ.' मग बराच वेळ नुसते फराळाच्या बश्यांचे आवाज. मी घसा साफ करून म्हणते, 'मामी, बाकीचं लग्न ना, माझ्यामुळे...' आणि मामीचा आवाज, चकली चावत, 'माहितीये गं मला, त्याच सुट्टीत कळलं होतं. लग्न मला पाठ आहे. ती टोपीवाली लाव.'